कुलवृत्तांतातली 'प्रथम पत्नी' : खापरपणजीचा शोध, मदत हवी

माजघर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आजोबांच्या तरुणपणी छापला गेला. त्यात माझ्या खापरपणजोबांना अर्धं पान मिळालंय. मामलेदार कचेरीत कारकून होते, आवाज पहाडी, पंढरीची वारी कधी चुकली नाही, आणि फिरतीसाठी पांढरं तट्टू होतं, ते दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देत नसे. एवढं सगळं आहे. त्याखाली, "प्रथम पत्नी : नाव व माहेर उपलब्ध नाही." मग द्वितीय पत्नी, तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव, वडील, गाव. मग पुत्र ३, नावांसकट. मग "कन्या २". कोण कुणाच्या पोटचं, काही नाही.

खरी नावं इथे टाकायची नाहीत अशी काकांची अट आहे. पहिलीला गोदा म्हणू, दुसरीला कृष्णा. सासर वाईजवळ, इतकं पुरे.

आम्ही सगळे स्वतःला कृष्णाआजीचे वंशज समजत आलो. भिंतीवर फोटो तिचाच. विधवेचं लाल आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर. माझ्या पणजोबांना तिनेच वाढवलं हे सगळ्यांना ठाऊक. पण भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, आमच्याकडे सवाष्ण जेवायला असायची आणि आजी म्हणायची, "मोठ्या आईंची नवमी आहे." कृष्णाआजी तर नवऱ्यामागे वीसेक वर्षं जगली. मग ही मोठी आई कोण?

शिवाय देव्हाऱ्यात एक चांदीचा टाक आहे. घासून घासून गुळगुळीत झालाय, पण बाई आहे हे कळतं. देवी नाही, हातात काही नाही. आणि एका ट्रंकेत मोडी कागद आहेत. त्यातल्या एकावर मी दोन महिने डोकं फोडून "याद" हा एकच शब्द लावला.

गोदाचं नाव नक्की काय, ती कुठली, पणजोबा तिचे की कृष्णाचे? सुरुवात कुठून करू?

घाटमाथा

जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून करा. गावचं कोतवाल बुक (गाव नमुना १४) तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात आमच्याकडचे जुन्या दप्तरांचे रुमाल कपाटांतून बाहेर आले, बरंच स्कॅनिंग झालं, काही जिल्ह्यांनी पानं संकेतस्थळावर टाकली. मी स्वतः आजोबांच्या वडिलांसाठी तीन आठवडे तिथल्या धुळीत घालवलेत.

पण आधीच सांगतो, जन्माच्या रकान्यात बापाचं नाव, जात, आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी". मूल जन्मलं तेव्हा बारसं झालेलं नसतं, आणि आईचं नाव विचारायची कोतवालाला गरज वाटलेली नाही. माझ्या पणजीचा जन्म मला सापडला असं मी मानतो. "मुलगी" असं लिहिलंय. त्या महिन्यात त्या घरात दुसरी झाली नाही, म्हणून ती तीच.

अवांतर : तुमच्याकडे निदान छापलेला कुलवृत्तांत तरी आहे. आमच्याकडे हेळवी यायचा. बैलावर बसून, वह्या घेऊन, सुगीनंतर. वंश वाचून दाखवायचा, नवीन पोरांची नावं लिहून घ्यायचा, धान्य घेऊन जायचा. आता त्याचा नातू सांगलीत रिक्षा चालवतो, पण वही ठेवलीय त्याने.

पोथीपंचांग

माजघर ताई, तहसीलला नंतर जा, आधी घरातल्या पोथ्यांची बासनं सोडा. तुमचे पणजोबा पितृपक्ष करत असतील तर त्यांनी महालयाची, म्हणजे त्या श्राद्धातल्या पितरांची, यादी कुठेतरी लिहून ठेवलेली असणारच. भटजींना सांगायला सोपं जावं म्हणून लोक ती पंचांगात किंवा पोथीच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवत.

त्या यादीचा क्रम ठरलेला आहे. पिता, पितामह, प्रपितामह. मग माता, पितामही, प्रपितामही. आणि मग सापत्नमाता, वेगळी. सख्खी आई आणि सावत्र आई यांची तिथे गल्लत होऊ शकत नाही, कारण दोघींचा पिंड वेगळा. त्यापुढे मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह, म्हणजे आईच्या माहेरच्या तीन पिढ्या, गोत्रासकट. मग काका, मामा, भाऊ, बहीण, आत्या, मावशी, सासरा, गुरू.

बाईचं नाव तिथे "दा" लावून येतं. गोदादा, कृष्णादा असं काही दिसलं तर लेखनिकाची चूक समजू नका. पुरुषांच्या नावापुढे शर्मा, तसं बायकांच्या नावापुढे दा.

तिरपागडा

मला कळत नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं नाव कळून होणार काय? इस्टेट मिळणार आहे का?

माजघर

@तिरपागडा, इस्टेट खापरपणजोबांच्या तट्टाबरोबर गेली. नाव हवंय, बस.

@पोथीपंचांग, सापडली!! व्रतराजाच्या पुठ्ठ्यात. पणजोबांचं अक्षर, बाळबोध, जांभळी शाई. माता गोदादा. सापत्नमाता कृष्णादा. मी ते वाचून देवघरातच खाली बसले.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती नव्वदीला आलीय. मला वाटलं तिला आनंद होईल, तर ती गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझी कृष्णाआजी माझी नव्हेच का?" तिच्या वडिलांना सावत्र आजीनेच सांभाळलं, त्यांच्या तोंडून सगळ्या गोष्टी कृष्णाआजीच्या. काय बोलावं कळेना. टाकाचं विचारलं तेव्हा मात्र ती लगेच बोलली. तिच्या वडिलांनी सांगितलेलं. तो टाक कृष्णाआजीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असायचा. सवतीचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीला गळ्यात घालायचं, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा, नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवायचं. नवरा गेल्यावर गळ्यातलं सगळं उतरलं, तेव्हा तोही उतरला आणि देव्हाऱ्यात गेला.

म्हणजे गोदाला इतकी वर्षं कृष्णानेच सांभाळलंय. आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "ते मला माहीतच आहे, तू आत्ता शोधलंस." :)

पोथीपंचांग

अभिनंदन. यादीत मातामहांचं नाव आणि गोत्र आहे ना? ते गोदाचे वडील. मातामह म्हणजे सख्ख्याच आईचा बाप. अर्धं माहेर तुमच्या हातात आलं.

मोडीवाचक

तो "याद" लिहिलेला मोडी कागद टाका इथे. कुटुंबाची नावं झाकून टाका हवं तर. सपाट ठेवून, उजेड तिरपा, फ्लॅश नको.

माजघर

टाकलाय. उजवा कोपरा कसरीने खाल्लाय. नावं झाकून इथे, न झाकलेला व्यनिमध्ये (खासगी निरोपात).

मोडीवाचक

लग्नाची याद आहे. दोन्ही पक्षांनी काय द्यायचं ठरलं त्याची. वरपक्ष वाई, वधूपक्ष "तालुके चिपळूण". गावाचं नाव दोन प्रकारे लागतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि हा लेखनिक घाईचा आहे, म्हणून मी एकाच वाचनावर पैज लावणार नाही. दोन्ही वाचनं व्यनि केली आहेत. वधूपित्याचं नाव तुमच्या मातामहांशी जुळतं का बघा.

लुगडी ३, खण ५, पागोटी २, शालजोडी १, विहिणीचा मान, वाजंत्री कोणाकडे, वऱ्हाडाला दोन वेळचं जेवण, परतीचा फराळ. सगळं आहे. नवरीचं नाव नाही. "धाकटी कन्या" इतकंच. कितीतरी यादींत असंच असतं. वाचताना मी अजूनही प्रत्येक वेळी एकदा उलटून मागे बघतो, की मागच्या बाजूला असेल.

साल : शके १८०, पुढचा आकडा कसरीच्या पोटात. "प्रमाथी नाम संवत्सरे, वैशाख" स्पष्ट.

शके_सन

मग आकड्याची गरजच नाही. संवत्सरं साठ, फिरून येतात. पहिला प्रभव, तो शके १७८९ ला होता, प्रमाथी तेरावा, म्हणजे शके १८०१. पुढचा प्रमाथी शके १८६१ ला, आधीचा १७४१ ला. "१८०" दिसतंय म्हणजे १८०१ च. वैशाख, म्हणून अधिक ७८ : एप्रिल-मे १८७९.

जुने कागद चाळणाऱ्यांसाठी : शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. मराठेशाहीच्या कागदांवर सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. आणि संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ते आकड्याशी नेहमी ताडून बघा. लेखनिक आकडा चुकतो, संवत्सर सहसा चुकत नाही, कारण ते रोज संकल्पात तोंडी असतं.

माजघर

वधूपित्याचं नाव जुळतं. गोत्रही. १८७९ ला गोदाचं लग्न, चिपळूणहून वाईला. कुंभार्ली घाट चढून आली असणार, डोलीत किंवा बैलगाडीत. नऊ-दहा वर्षांची फार तर. पणजोबांचा जन्म १८८८ चा, तो त्यांच्या नोकरीच्या कागदावर आहे.

पाटावरवंटा

वाचनखूण साठवली. माजघर, एक लक्षात असू द्या. "गोदा" हे यादीतलं नाव सासरचं. माहेरचं वेगळं असणार. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरच्या कागदांत शोधायचं नाव बदललं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. त्यांची चरित्रं लिहिली गेली म्हणून दोन्ही नावं आपल्याला माहीत. बाकीच्या यमुनांचं काय झालं कोण सांगणार.

घाटमाथा

फेरफार बघितलेत का? हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे खापरपणजोबा त्यानंतर वारले असतील तर वारसाच्या फेरफारात कृष्णाआजी दिसतील.

माजघर

दिसल्या! मुलांची नावं, आणि शेवटी "विधवा कृष्णाबाई, पोटगीपुरता हक्क", डाव्या अंगठ्याची निशाणी. अंगठा इतका स्वच्छ उमटलाय की रेघा मोजता येतील.

वकिलीणबाई

पोटगीच लिहिणार. एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या हिश्शात वाटा १९३७ च्या कायद्याने आला, तोही हयातीपुरता आणि शेतजमीन सोडून. पण तुमच्या धाग्यात एक गोष्ट ठळक दिसतेय ती सांगते. मी जुने दिवाणी कागद बरेच बघितलेत. त्यांत बाई येते ती विधवा झाल्यावर : पोटगीचा दावा, दत्तकपत्र, गहाण सोडवणं, इनामाची कैफियत. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण कुठल्याच कचेरीच्या दारात उभी राहत नाही. कृष्णा वीस वर्षं विधवा होती म्हणून तिचा अंगठा आहे. गोदा अहेवपणी गेली. लोक तिला भाग्यवान म्हणाले असतील, आणि म्हणूनच तिचा कागद नाही.

मांडवीकाठी

गोव्याचा अनुभव सांगतो. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून लागू झाला, त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा. त्यामुळे कुणी वारलं की इन्व्हेंटारची (मालमत्तेच्या यादी-वाटणीची) जी कारवाई होते तिच्यात सगळ्या मुली, त्यांचे नवरे, कोण कुठे दिली, सगळं येतं. माझ्या पणजीच्या पाच बहिणी मला एका इन्व्हेंटारमध्ये ओळीने मिळाल्या. ख्रिस्ती घरांना तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं, त्यांत आईचं नाव. तुमच्या घाटावर मुलीला वाटा नव्हता, म्हणून नोंद नाही. सरळ हिशेब आहे.

क्वात्रबोर्न

मी कामानिमित्त सहा वर्षं मॉरिशसला होतो. तिथे मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत. १८३४ पासून जे मजूर उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठीही पुष्कळ. प्रत्येकाला क्रमांक. बाईलाही. नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोसुद्धा. तिथल्या माझ्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या खापरपणजीची उंची मला इंचांत सांगितली होती.

इनामदार-कारकुनांच्या बायकांचं नाव मिळत नाही आणि गिरमिटावर गेलेल्या मजुरणीच्या हनुवटीवरचा तीळ मिळतो. अर्थात तो तीळ मळेवाल्याला पळालेली बाई ओळखता यावी म्हणून लिहिलेला होता, त्याचं कौतुक करायला नको.

तिरपागडा

हे मात्र माहीत नव्हतं. जनगणनेत नाही का मिळत? इंग्लंडमधले लोक तर घरबसल्या शोधतात.

शके_सन

नाही. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती आहे, १८८१ पासून दर दहा वर्षांनी. पण घरोघरच्या याद्या जपल्या नाहीत, तक्ते तेवढे उरले. त्या तक्त्यात गोदा असणारच, वाई तालुक्यातली एक विवाहित हिंदू स्त्री म्हणून.

ताई, आता माहेर धरा. चिपळूणच्या त्या घराण्याचे तीर्थोपाध्ये (क्षेत्रावर घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवणारे) कोण ते शोधा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की रामकुंडावर कुणीही त्या घराचे उपाध्ये कोण ते सांगतं. हरिद्वारसारख्या क्षेत्रांच्या बऱ्याच वह्या फॅमिलीसर्चने स्कॅन केल्यात, पण नाशिकसाठी स्वतः जाणं बरं. उपाध्यांना बघून आठवतं.

माजघर

(साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.)

चिपळूणच्या बाजूच्या दोन्ही गावांत गेले. मोडीवाचकांचं दुसरं वाचन बरोबर होतं. त्या घराण्याचा कुलवृत्तांतच नाही, पण एक म्हातारे गृहस्थ भेटले, त्यांनी "आमची एक आत्या घाटावर दिली होती, ती परत आलीच नाही" इतकं ऐकलेलं. परत आली नाही म्हणजे पहिल्या बाळंतपणालासुद्धा नाही का, विचारलं. त्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. वाशिष्ठीच्या काठाला घर होतं, आता फक्त जोतं आहे. जोत्यावर केळी.

मग गेल्या आठवड्यात नाशिक. आडनाव, गाव सांगितलं. पंचविशीतला मुलगा, जीन्स घातलेला, त्याने मला चुलत आजोबांकडे पाठवलं. त्यांनी लांबट, शिवलेली वही काढली, लाल कापडातली. अर्धी मोडी, अर्धी बाळबोध. पानं उलटताना ते पुटपुटत होते, आणि मला वाटत होतं की सापडू नये. का ते कळलं नाही.

गोदाचा थोरला भाऊ माघात आईच्या अस्थी घेऊन आला होता. त्याने आपली वंशावळ सांगितली आहे, तीन भाऊ, त्यांच्या बायका. त्याखाली "भगिनी" म्हणून दोन नावं, माहेरची. थोरलीपुढे सासरचं गाव. धाकटीपुढे "वाईस दिली, मृत, निमित्त पिंड दिला" आणि कंसात "पुत्र १". तो एक पुत्र म्हणजे माझे पणजोबा.

माहेरचं नाव मिळालं. काकांची अट अजून लागू आहे. इतकं सांगते, तेही नदीचंच आहे.

शके_सन

संवत्सर लिहिलं होतं का?

माजघर

हो. दुर्मुख.

शके_सन

तिसावा. शके १८१८. माघ म्हणजे साधारण फेब्रुवारी १८९७.

तिरपागडा

प्लेगच! १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत सुरू झाला, ९७ च्या सुरुवातीला पुण्यात.

शके_सन

घाई नको. माघात भाऊ आईच्या अस्थी घेऊन आला, बहीण त्याआधी कधीही गेली असेल. १८८८ ला मुलगा आणि १८९७ च्या आत मृत्यू, एवढंच वहीवरून म्हणता येतं. त्या काळात बाईला मरायला प्लेगची वाट बघावी लागत नव्हती.

पोथीपंचांग

शिवाय "पुत्र १" म्हणजे कुलवृत्तांतातली बाकीची मुलं कृष्णाची, किंवा मुली असतील तर भावाने मोजल्या नसतील. त्या "कन्या २" गोदाच्याही असू शकतात. ते उघडं ठेवा.

माजघर

उघडं ठेवलंय. त्या दोघींच्या सासरांचा शोध आता सुरू करणार आहे, त्यासाठी नवा धागा काढीन.

राहिलेलं सांगते. निघताना उपाध्यायांनी आमची वही काढली, आमच्या आडनावाची, आणि पेन माझ्यापुढे केलं. पुढची नोंद आता तुम्ही लिहा म्हणाले. घरातून शेवटचे आलेले आजोबा, त्यांचं अक्षर होतं वर. मी गोदाचं सासरचं आणि माहेरचं नाव लिहिलं, गाव, बापाचं नाव, भावाच्या नोंदीचं पान. कृष्णाआजीचं लिहिलं. मग आई, काकू, आत्या. माझ्या दोन्ही मुलींवर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सासरचं नाव काय ठेवलंय?" म्हटलं, बदललं नाही. ते म्हणाले, "बरं झालं, जागा कमीच आहे."

मोडीवाचक

पानाचा फोटो काढलात ना?

माजघर

काढला. तिरपा उजेड, फ्लॅश नाही.